अरबी समुद्रातला हम्पबॅक आणि पाच गुणांचा प्रश्न: एक प्रकरण अभ्यास

प्रकरण असे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता: 'बलीन देवमाशांच्या वार्षिक स्थलांतराचे स्वरूप हम्पबॅकच्या उदाहरणाने स्पष्ट करा.' एका विद्यार्थिनीने अरबी समुद्रातला हम्पबॅक उदाहरणाला घेतला. हा देवमासा ध्रुवाकडे जातच नाही, त्याचे खाणे आणि वीण दोन्ही याच समुद्रात होतात, असे तिने लिहिले. पाचपैकी एक गुण मिळाला. समासात शेरा होता, 'उदाहरण चुकीचे. हम्पबॅक ही स्थलांतर करणारी प्रजाती आहे.' तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेतली, फेरतपासणीचा अर्ज दिला आणि विभागाने दुसरा परीक्षक म्हणून तो कागद माझ्याकडे पाठवला.

गुण पाचच, पण प्रश्न मोठा होता. पाठ्यपुस्तकातला नियम एक सांगतो आणि आपल्याच किनाऱ्यासमोरचा प्राणी दुसरेच करतो, तेव्हा तपासणाऱ्याने कोणाचे ऐकायचे? गगनबावड्यावरून करूळ घाट उतरला की कोकण लागते आणि पुढे समुद्र. तरीही कोल्हापूरच्या वाचकापर्यंत देवमासा पोहोचतो तो बहुतेक वेळा 'व्हेलच्या उलटी'च्या तस्करीच्या बातमीतून. ती उलटी स्पर्म व्हेलची, म्हणजे दात असलेल्या देवमाशाची. बलीन देवमाशांचा तिच्याशी संबंध नाही. त्यांच्या तोंडात दातांच्या जागी केराटिनच्या पट्ट्यांची झालर असते. नखे आणि केस ज्या पदार्थाचे, त्याच पदार्थाची. हम्पबॅकच्या जबड्यात एकेका बाजूला 270 ते 400 पट्ट्या असतात. तोंडभर पाणी घ्यायचे, ते झालरीतून बाहेर ढकलायचे आणि आत अडकलेले क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव, किंवा छोटे मासे गिळायचे, ही त्यांची जेवणाची रीत. प्रकरणाचा सगळा गुंता या जेवणाभोवतीच आहे: ते मिळते कुठे आणि कधी?

आदर्श उत्तर कुठून आले

आधी पहिल्या परीक्षकांची बाजू. त्यांनी ज्या आदर्श उत्तराने तपासले त्यात पाच मुद्दे होते: उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात भरपूर खाणे, हिवाळ्यात उष्ण पाण्यात येऊन वीण, या काळात जवळजवळ उपवास, साठवलेल्या चरबीवर गुजराण, आणि हजारो किलोमीटरचा प्रवास. यातला एकही मुद्दा खोटा नाही. अंटार्क्टिकाजवळ खाणारे हम्पबॅक विषुववृत्त ओलांडून कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापर्यंत येतात, हे छायाचित्रे जुळवून सिद्ध झाले आहे. एका बाजूचे अंतर 8 हजार किलोमीटरहून जास्त भरते.

पण हा नियम ज्या पुराव्यावर उभा राहिला, तो पुरावा कुठे गोळा झाला हे पाहायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवमाशांची माहिती प्रामुख्याने शिकारीच्या जहाजांमागोमाग जमा होत गेली. 'डिस्कव्हरी' या ब्रिटिश संशोधन मोहिमांमध्ये क्रमांक कोरलेली पोलादी नळी बंदुकीने देवमाशाच्या अंगात मारत. पुढे तो देवमासा मारला गेला आणि कापताना नळी हाती लागली, की खूण कुठे केली आणि शिकार कुठे झाली यावरून प्रवास कळे. पद्धत हुशारीची होती, पण ज्या पाण्यात शिकार चाले तिथलेच प्रवास तिच्यातून कळणार. अंटार्क्टिक, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली माहिती साठत गेली आणि अरबी समुद्र त्या नकाशावर जवळजवळ कोराच राहिला. कोऱ्या जागेत आपण शेजारचा नियम भरला. परीक्षकांनी तो नियम मनाने रचलेला नव्हता, त्यांच्या हातातल्या पुस्तकात तेच छापलेले होते.

पहिला पुरावा, आणि तो कसा हाती आला

विद्यार्थिनीच्या उत्तरात एक ओळ होती: '1966 मध्ये मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांवरून हे समजले.' परीक्षकांनी तिच्याखाली प्रश्नचिन्ह काढले होते. मी सर्वांत जास्त वेळ याच ओळीवर घालवला, कारण अख्ख्या उत्तराचा भार तिच्यावर होता.

नोव्हेंबर 1966 मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी वाटेत अरबी समुद्रात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर 238 हम्पबॅक मारले. आदल्या वर्षी चार मारले होते, म्हणजे एकूण 242. ही शिकार बेकायदा होती आणि ती लपवली गेली. सोव्हिएत ताफ्यांनी वर्षानुवर्षे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला खोटे आकडे कळवले. दक्षिण गोलार्धात त्यांनी 2,710 हम्पबॅक मारल्याचे सांगितले, प्रत्यक्षात 48 हजारांहून जास्त मारले होते. 1993 मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे जाहीरपणे मांडले. जहाजांवर काम केलेल्या काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, त्या त्यानंतर हळूहळू बाहेर आल्या. अरबी समुद्रातल्या शिकारीची नोंद युरी मिखालेव्ह यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केली.

या नोंदी ज्यांनी जपल्या त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. सरकारी वही खोटी लिहिली जात असताना त्यांनी प्रत्येक प्राण्याची लांबी, पोटातले अन्न आणि गर्भाचे माप खरे लिहून ठेवले. त्या लिखाणाने एकही देवमासा वाचला नाही. पण ते नसते तर या समुद्रातल्या हम्पबॅकबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा आज आपल्या हाती नसता.

आता गर्भांचा मुद्दा. हम्पबॅकची मादी साधारण साडेअकरा महिने गाभण असते, आणि वीण हिवाळ्यात होते. उत्तर गोलार्धाचा हिवाळा जानेवारीच्या आसपास, दक्षिणेचा जुलै-ऑगस्टच्या आसपास. आता नोव्हेंबरात मारलेल्या मादीचे पोट पाहा. ती दक्षिणेच्या कळपातली असेल तर गर्भधारणा होऊन तीन-चारच महिने झालेले असणार आणि गर्भ लहान असणार. ती उत्तरेच्या चक्रात असेल तर गर्भ बराच वाढलेला असणार. मिखालेव्ह यांच्या मापांनी स्पष्ट कौल दिला: चक्र उत्तर गोलार्धाचे. अंगाची लांबी, रंग आणि व्रणांच्या खुणा याही अंटार्क्टिकच्या हम्पबॅकपेक्षा वेगळ्या निघाल्या. शिवाय पोटे रिकामी नव्हती, त्यांत मासे आणि क्रिलसारखे कवचधारी जीव होते. उष्ण पाण्यात उपवास करणारा पाहुणा असे पोट घेऊन मिळत नाही.

फेरतपासणीच्या बैठकीत पहिल्या परीक्षकांनी एक आक्षेप घेतला आणि तो चांगला होता. ते म्हणाले, "सर, दक्षिणेचे हम्पबॅक विषुववृत्त ओलांडतात हे तर तुम्हीच मान्य करताय. मग अरबी समुद्रातलेसुद्धा तिकडूनच आलेले पाहुणे असतील. त्यांना इथले रहिवासी कशाला ठरवायचं?"

हा पर्याय सहज झटकून टाकता येत नाही. म्हणूनच उत्तरातला गर्भांचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. दक्षिणेचे पाहुणे आले असते तर त्यांचे प्रजननाचे वेळापत्रकही दक्षिणेचेच असते. ते तसे नव्हते. आणि उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाने चालणारा, पण उत्तरेला जाऊ न शकणारा हा कळप आहे. अरबी समुद्राच्या उत्तरेला जमीन आहे. अटलांटिक किंवा पॅसिफिकसारखी थंड पाण्याकडे जाणारी मोकळी वाट तिथे नाही.

मग ते खातात काय

उत्तराचा हा भाग मला सर्वांत आवडला, आणि शेऱ्यात नेमक्या त्याच भागाला 'विषयाबाहेर' म्हटले होते. तिने लिहिले होते की नैऋत्य मोसमी वारे हे या हम्पबॅकच्या इथे राहण्याचे कारण आहे.

जून ते सप्टेंबर सोमालियाच्या बाजूने भारताकडे वाऱ्याचा एक जोरकस झोत वाहतो. ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहताना तो पृष्ठभागावरचे पाणी, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम मिळून, किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ढकलतो. तापलेल्या दुधावर फुंकर घातली की साय बाजूला सरते आणि खालचे दूध वर दिसते, तसे खालचे थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेले पाणी वर येते. त्यावर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, प्लवकांवर क्रिल आणि तारलीसारखे मासे, आणि त्यांच्यावर हम्पबॅक. उष्ण कटिबंधातला समुद्र एरवी देवमाशाच्या दृष्टीने उपाशी असतो. अरबी समुद्राचा पश्चिम भाग मात्र मोसमी वाऱ्यांमुळे अन्नाने भरतो. अन्नासाठी ध्रुवाजवळ जाण्याची गरजच इथे उरत नाही.

हेच वारे पुढे सह्याद्रीवर धडकतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी किती फुटांवर गेली, 39 ची इशारा पातळी गाठली का, 43 ची धोका पातळी ओलांडली का, हे पाहत कोल्हापूर पावसाळा काढते. ज्या वाऱ्यांनी पंचगंगेला पूर येतो, त्याच वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्यासमोर हम्पबॅकचे ताट भरते. बैठकीत मी आग्रहाने सांगितले की हा भाग विषयाबाहेरचा नाही. स्थलांतर का होते, या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे ते कुठे आणि का होत नाही. त्या बाजूचे कारण तिने नेमके पकडले होते. पहिल्या परीक्षकांना हे पटले नाही. त्यांच्या मते हे समुद्रविज्ञान आहे आणि पाच गुणांच्या प्रश्नात त्याला जागा नाही. आमचा मतभेद कार्यवृत्तात तसाच नोंदवला आहे.

शिकारीनंतरचा पुरावा

एकाच नोंदवहीवर निकाल देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून पुढचे पुरावेही पाहिले. ओमानच्या किनाऱ्यावर 2000 ते 2004 या काळात हम्पबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची छायाचित्रे घेऊन माणसाची ओळख पटवावी तशी एकेका प्राण्याची ओळख पटवली गेली. शेपटीवरचा काळा-पांढरा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणते प्राणी पुन्हा दिसले यावरून संख्येचा अंदाज आला 82, आणि त्याची मर्यादा 60 ते 111. हा अंदाज ओमानच्या बाजूचा आहे हे लक्षात ठेवावे, पण तरीही एका आख्ख्या समुद्राच्या मानाने आकडा धडकी भरवणारा आहे. 1966 च्या एका नोव्हेंबरात याच समुद्रात 238 मारले होते. ओमानला पाहिलेल्या हम्पबॅकपैकी 30 ते 40 टक्के प्राण्यांच्या अंगावर जाळ्यात अडकल्याचे व्रण आढळले.

2014 मध्ये जनुकीय अभ्यास आला. अरबी समुद्रातले हम्पबॅक दक्षिण हिंदी महासागरातल्या आपल्या नातलगांपासून सुमारे 70 हजार वर्षे वेगळे पडले आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. इतकी वर्षे वेगळे पडलेल्या कळपाला पाहुणा म्हणणे कठीण आहे. त्या आधी, 2008 मध्ये, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हा समूह स्वतंत्रपणे 'संकटग्रस्त' म्हणून नोंदवला गेला होता.

आणि आपल्या बाजूचा पुरावा? गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या मायक्रोफोनने नोंदवलेल्या हम्पबॅकच्या गाण्यावर 2019 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गाणे नर गातात, आणि मुख्यतः विणीच्या काळात. म्हणजे हा प्राणी केवळ ओमानचा नाही, आपल्या बाजूलाही वावरतो.

उत्तर कुठे चुकले

इथवर विद्यार्थिनीची बाजू भक्कम दिसते. पण उत्तराचे शेवटचे वाक्य असे होते: 'त्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बलीन देवमासे स्थलांतर करत नाहीत.' इथे दोन गोष्टी घसरल्या.

एक, हम्पबॅकवरून तिने सगळ्या बलीन देवमाशांवर उडी मारली. ब्राइड्स व्हेल हा दुसरा बलीन देवमासा उष्ण पाण्यातच राहतो हे खरे, पण ते त्याच्याबद्दलच्या स्वतंत्र पुराव्यावरून ठरते, हम्पबॅकच्या गर्भांवरून नव्हे. निळ्या देवमाशाचे चित्र तर अजून उलगडते आहे. ओमानजवळ, हिंदी महासागरातल्या चागोस बेटांजवळ आणि मादागास्करच्या बाजूला ऐकू आलेले, आधी कोणी न वर्णिलेले निळ्या देवमाशाचे गाणे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ ठेवलेल्या यंत्रांनी निळ्या देवमाशांची गाणी टिपल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ती मुख्यतः एप्रिल-मे मध्ये ऐकू आली. वर्षातल्या ठराविक महिन्यांतच आवाज येतो, याचा अर्थ प्राणी हलतात किंवा निदान त्यांचे गाणे ऋतूप्रमाणे बदलते. दोन्हीपैकी काहीही असले तरी 'करत नाहीत' असे ठामपणे म्हणता येत नाही.

दुसरी चूक अधिक बारीक आहे. ध्रुवाकडे न जाणे आणि स्थलांतरच न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2017 च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर 'लुबान' नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेली खूण लावली होती. ती सुमारे 1,500 किलोमीटर समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे मन्नारच्या आखातात गेली, आणि नंतर ओमानला परतली. गोव्याहून दक्षिणेकडे वळली म्हणून, नाहीतर देवगड-मालवणच्या बोटींनाही ती दिसली असती. एका मादीच्या एका प्रवासावरून नियम होत नाही. पण हा कळप जागचा हलत नाही असे लिहिणाऱ्याला तो प्रवास पुरेसा उत्तर आहे.

तिला बैठकीत बोलावले होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, मला म्हणायचं होतं की अंटार्क्टिकाला जात नाहीत. हलतच नाहीत असं नव्हतं म्हणायचं." मनात काय होते ते मला पटले, पण गुण कागदावरच्या वाक्याला द्यायचे असतात.

निकाल

पाचपैकी चार. सर्वसाधारण नियम तिने सुरुवातीच्या एका ओळीत बरोबर दिला होता, म्हणजे प्रश्न टाळला नव्हता. अपवाद पुराव्यानिशी मांडला होता आणि त्याचे कारण सांगितले होते. शेवटच्या वाक्यासाठी एक गुण कापला. पहिल्या परीक्षकांचे मत साडेतीनचे होते. नियमाचा विस्तार व्हायला हवा होता असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांनी चारवर सही केली. समासातला 'उदाहरण चुकीचे' हा शेरा मात्र त्यांनी स्वतःहून खोडला, आणि मला ते गुणांइतकेच महत्त्वाचे वाटते.

अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या हातात नाही, पण अंतर्गत परीक्षेचा प्रश्न त्याच्या हातात आहे. तो असा बदलला: 'बलीन देवमाशांच्या वार्षिक स्थलांतराचा सर्वसाधारण नियम सांगून, अरबी समुद्रातल्या हम्पबॅकला तो कितपत लागू पडतो हे पुराव्याच्या आधारे लिहा.' आदर्श उत्तरही नव्याने तयार केले. त्यात गर्भांची मापे, पोटातले अन्न, जनुके आणि लुबानचा प्रवास हे चार पुरावे असून, प्रत्येकातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही हेही लिहिले आहे.

एक गोष्ट बैठकीत निघाली आणि ती अजून चालू आहे. विद्यार्थिनीचे मामा देवगडला मासेमारी बोटीवर आहेत. ते म्हणतात, देवमासा दिसतो तो पावसाळा संपल्यावर. वर्गातल्या काही मुलांनी यावरून लगेच अनुमान काढले की पावसाळ्यात देवमासे इथे नसतात. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते आणि बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. ज्या महिन्यांत पाहणारेच नाहीत, त्या महिन्यांत काही दिसले नाही यावरून काहीच ठरत नाही. तिथे पाण्याखालची ध्वनियंत्रेच उपयोगी पडतात. उरलेल्या महिन्यांत मात्र बोटीवरच्या माणसाने पाहिलेले मोलाचे असते, जर ते नीट लिहून ठेवले तर.

म्हणून विभागाने सुट्टीत कोकणात जाणाऱ्या मुलांसाठी एक साधा तक्ता केला आहे: तारीख, वेळ, ठिकाण, किनाऱ्यापासूनचे अंतर, एकटा की पिल्लासोबत, पाठीवरचा पर कसा, आणि शेपूट पाण्याबाहेर आली तर तिच्या खालच्या बाजूचा फोटो. बोट जवळ न्यायची नाही. किनाऱ्यावर मेलेला किंवा जिवंत देवमासा लागला तर त्याला हात लावायचा नाही, हाड किंवा झालरीचा तुकडाही उचलून आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, आधी वनविभागाला फोन करायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू लागले, तेव्हा लोकांनी त्याला वाचवायला जिवाचा आटापिटा केला आणि तरी ते वाचले नाही. आपली मुले त्या गर्दीत असतील तर त्यांना काय करायचे ते आधीच माहीत असावे. आणि मामांसारख्यांना एवढे जरूर सांगायचे: जाळ्यात असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळे कापून सोडला, तर कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनेतून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्यासाठी सोडतानाचा फोटो लागतो.

तक्त्याची पहिली प्रत विद्यार्थिनीने मामांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांचे उत्तर आले की अंतर किलोमीटरमध्ये कोणी मोजत नाही, तिथे वाव (सुमारे सहा फुटांचे खोलीचे माप) लिहा, पाणी किती वाव आहे ते आम्हाला चटकन सांगता येते. तो रकाना आम्ही वाढवला.